माळ्याकडे बघणारे साहेब

माझं लग्न मोडता मोडता राहिलं ते आमच्या साहेबांमुळे. मुलगी बघायला पोलादपूरला गेलो होतो. मला वडील नाहीत, म्हणून वडीलधारं माणूस म्हणून साहेबांना बरोबर नेलं. कांदेपोहे आले, मुलगी आली, तिनं खाली मान घालून चहाचा ट्रे ठेवला, आणि आमचे साहेब मान वर करून छताकडे बघत बसलेले. मुलीच्या बापानं शेतीची चौकशी केली, साहेब छताकडे. हवापाण्याचं विचारलं, साहेब छताकडे. बिचाऱ्याला घाम फुटला. घर पसंत पडलं नाही असं वाटलं त्याला. शेवटी धीर करून म्हणाला, "साहेब, आमचं काय चुकलं का?"

"ह्या पंख्याचा हूक कोणी बसवला?" साहेब म्हणाले. "बरोबर माझ्या डोस्क्यावर हाय तो."

पंखा बंद केला, बैठक पडवीत हलवली, मग लग्न ठरलं. बायको अजून टोमणा मारते, त्या दिवशी मला कुणी बघितलंच नाही, सगळे पंखाच बघत होते.

साहेब म्हणजे महाडच्या आमच्या अग्निशमन केंद्राचे प्रमुख. मी तिथं ड्रायव्हर, बंब चालवायचा आणि आगीच्या ठिकाणी पंप सांभाळायचा. साहेबांची उमेदीची वर्षं मुंबईत फायरमन म्हणून गेली, मग गाव जवळ पडावं म्हणून बदली मागून इकडे आले. गाव कुडपण, पोलादपूरच्या वरच्या डोंगरात. सडपातळ अंगाचे, मिशी पांढरी, आणि बारा महिने हातात छत्री. उन्हापावसासाठी नव्हे. कुठल्याही दुकानात शिरले की छत्रीच्या टोकानं माळ्याच्या फळ्या ठोकून बघायचे. वरची धूळ खाली मालकाच्या चहात पडायची. मालक तोंडातल्या तोंडात शिव्या घालायचा आणि साहेब शांतपणे विचारायचे, "काय रे, वर काय हाय?"

पाठीमागं आम्ही त्यांना 'वरबघे' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा महेशच्या तोंडून ते समोरच निसटलं. साहेब म्हणाले, "खाली न बघणाऱ्याला ठेच लागते रे. वर न बघणाऱ्याला लागायला काय उरतच नाय."

हा महेश आमच्यातला सगळ्यात उमदा फायरमन. रायगडाच्या पायथ्याचा, हिरकणीवाडीचा. गड बघायला येणाऱ्यांना त्याची आई झुणका-भाकर आणि ताक विकायची. सुट्टीवरून येताना तो आम्हा सगळ्यांसाठी भाकऱ्या आणायचा. साहेबांचा त्याच्यावर जीव होता, पण दाखवायचे नाहीत. उलट त्यालाच जास्त बोलायचे.

साहेबांचं शिकवणं म्हणजे छळ होता, खोटं कशाला बोलू. एक बंद पडलेली भातगिरण होती. तिथं आम्हाला डोळ्यांवर फडकं बांधून सोडायचे. आत पोती, फळ्या, मोडकी बाकडी मुद्दाम आडवी टाकलेली. पाण्याचा पाइप हातात धरून रांगत आत जायचं आणि त्याच पाइपाच्या आधारानं बाहेर यायचं. कुठल्या तरी कोपऱ्यात रेडिओ लावून ठेवायचे. नवखा माणूस आवाजाच्या रोखानं जायचा, पाइप सुटायचा, आणि भिंतीवर डोकं आपटून बसायचा. मग अंधारातून साहेबांचा आवाज, "मेलास तू. ऊठ, परत ये. धुरात कान फसवतात, पाइप फसवत नाय."

आणखी एक त्यांचा कायदा होता. आगीच्या ठिकाणी एक माणूस दारात नुसता उभा राहील. हातात पाइप नाही, काही नाही. त्यानं छताकडे आणि धुराच्या रंगाकडे बघायचं, आणि काही बिघडतंय असं वाटलं की "भायेर!" म्हणून ओरडायचं. ते ऐकलं की आतल्यानं हातातलं काम टाकून निघायचं, एक शब्द वाद नाही. ह्या दारातल्या माणसाला आम्ही दारवान म्हणायचो, आणि दारवान व्हायला कुणी तयार नसायचं. लोक समोर बघतायत, आग भडकलीय, आणि आपण लग्नातल्या रुसलेल्या जावयासारखे नुसते उभे! साहेब आलटूनपालटून सगळ्यांना उभे करायचे. स्वतःही राहायचे.

मार्चमध्ये चवदार तळ्यावर गर्दी लोटते तेव्हा आमचा बंब तिथं बंदोबस्ताला असतो. माझ्या तर घरचाच तो सण. आई, मावश्या, चुलते, सगळे पांढऱ्या कपड्यांत आलेले असतात. साहेब सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे, तळ्याचं ओंजळभर पाणी डोळ्यांना लावायचे, आणि मग दिवसभर मंडपवाल्यांशी भांडायचे. मागची वाट मोकळी ठेवा, गॅसची शेगडी कनातीपासून लांब घ्या. एका पुढाऱ्याच्या पोरानं त्यांना सुनावलं, "ओ काका, आज तरी अपशकुनी बोलू नका." साहेब म्हणाले, "बाबा, एवढी माणसं आल्यात. आल्यासारखी घरी जाऊ देत." माझी आई तिथंच उभी होती. तिनं त्यांना डब्यातली पुरणपोळी दिली. त्यांनी ती खाल्ली, पण मंडपाच्या बाहेर उभं राहून.

आगीवर पोचलो की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "आत माणूस हाय का?" नाही म्हटलं की बाहेरूनच पाणी मारायचं. मग आत सोनं असो नाहीतर चांदी.

पोलादपूरला रंगाच्या दुकानाला आग लागली तेव्हा ह्यावरून रामायण झालं. मालक साहेबांचे पाय धरत होता, "आत कोणी नाय, पण माल हाय हो! आत शिरून मारा पाणी, अर्धा तरी वाचंल." साहेब हलेनात. बाहेर जमलेले लोक चिडले. एक जण ओरडला, "बांगड्या भरा रे ह्यांना!" दुसऱ्यानं खरंच कुठून तरी हिरव्या बांगड्या आणून बंबाच्या पायरीवर ठेवल्या. महेश लाल झाला होता, म्हणाला, "साहेब, दोन मिनिटांत जाऊन येतो." साहेबांनी त्याच्या कॉलरला धरलं, पोरासोरांना धरतात तसं. थोड्या वेळानं पत्रे, त्यांना पेलणाऱ्या लोखंडी कैच्या, सगळं घेऊन छप्पर खाली बसलं. मालक मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिला की आधी आत गेले असते तर वाचलं असतं.

परत येताना वाटेत गाडी थांबवून आम्ही चहा घेतला. तिथं साहेब पहिल्यांदा मुंबईचं बोलले. कापडाचं गोडाऊन होतं. आत कोणी नव्हतं. मालकाला माल हवा होता, म्हणून त्यांच्या जोडीचे दोघं आत गेले, आणि वरचा माळा गठ्ठ्यांसकट त्यांच्यावर आला. "आगीनं नाय रे मेले. वजनानं मेले," साहेब म्हणाले. "आणि कशासाठी? साड्यांसाठी." बशीतला चहा तसाच राहिला. महेशनं गुपचूप बांगड्या उचलून झाडीत फेकल्या.

त्यानंतर महेश बदलला. साहेबांबरोबर दुकानं हिंडायला तोच पुढे. शटर वर जाऊन अडकतं की नाही, मागं दार आहे का, वर माळा किती आणि त्यावर काय, सगळं चहा पिता पिता बघून ठेवायचे दोघं. बाजारात माणसं हसायची, "आले बघा, गुरू-चेला."

आता महाडच्या बाजाराबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. महाड हे पुराचं गाव. सावित्री चढली की पाणी बाजारात. म्हणून इथल्या प्रत्येक दुकानाला मोठा माळा. नगरपालिकेचा भोंगा झाला की लोक एकमेकांना एकच विचारतात, "माल चढवला का?" सगळं दुकान हातोहात वर जातं. पाणी ओसरलं, आभाळ उघडलं की परत खाली. आमच्या हाडांत बसलंय हे. लहान मूलही भोंगा ऐकून दप्तर फळीवर ठेवतं. पण साहेब कुडपणचे. पाणी त्यांच्या गावावरून खाली जातं, गावात येत नाही. ते हसून म्हणायचे, "आमच्या कुडपणाला पूर आला तर समज जगच बुडालं."

त्या वर्षी जुलैमध्ये सकाळी भोंगा झाला. नदी काठाला लागली होती. सगळ्या बाजारानं माल चढवला. आम्हीही केंद्रातलं सामान वर घेतलं, होड्या बाहेर काढल्या. साहेब नदीच्या पुलावर पाणी बघत उभे होते. दुपारपर्यंत पाऊस थांबला, पाणी रस्त्यावर आलंच नाही. पण रात्रीची भीती होती, म्हणून कुणी माल उतरवला नव्हता. आणि भरदुपारी फोन आला, बाजारातल्या भांड्यांच्या दुकानाला आग.

मोठं दुकान होतं. भांडी, मिक्सर, शेगड्या, घरघंट्या, प्लास्टिकच्या बादल्या-टब, सगळंच. आम्ही पोचलो तेव्हा काळा धूर शटरमधून रस्त्यावर लोळत होता. साहेबांनी विचारलं, "आत माणूस हाय का?"

मालक छाती बडवत होता. "हाय, साहेब! नोकर हाय मागच्या खोलीत! झोपला होता हो तो!"

साहेबांनी दुकानाकडे बघितलं. वरचं काही दिसत नव्हतं, धूरच धूर. पण ते दुकान त्यांना तोंडपाठ होतं. आठवड्यापूर्वीच महेश आणि ते तिथं चहा पिऊन, छत्रीनं माळा ठोकून आले होते. माळ्यावर तेव्हा नुसते रिकामे खोके होते. "वर काय नाय," साहेब म्हणाले. "जा. पाइप सोडू नको." महेश आत गेला, त्याच्यामागं अजून एक जण. साहेब स्वतः दारात उभे राहिले.

मी पंपावर होतो. आधी करकर असा आवाज झाला. साहेब "भायेर!" म्हणून ओरडले, असे की पंपाच्या घरघरीतही मला ऐकू आलं. दुसरा होता तो पाइपाला धरून धडपडत बाहेर आला. महेश पुढं होता. माळा त्याच्यावर आला.

काय होतं माळ्यावर? घरघंट्या. शेगड्या. लोखंडी कपाटं. जे जे पाण्यानं बिघडतं ते सगळं सकाळी वर चढवलं होतं. प्लास्टिक भिजून बिघडत नाही, म्हणून बादल्या, टब, खुर्च्या खाली ठेवल्या होत्या. जळणारं सगळं खाली, वजन सगळं वर. अख्खं दुकान पाण्यासाठी रचलेलं होतं आणि आली आग. आणि तो नोकर? धूर दिसला तसा मागच्या दारानं पळून गेला होता, घाबरून पलीकडच्या आळीत एका घरात बसला होता. मी त्या पोराला दोष देत नाही. पण संध्याकाळी तो समोर आला तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना.

पुढचे दिवस वाईट गेले. गावभर फलक लागले. 'जिवाची पर्वा न करता आगीत उडी घेणारा शूरवीर.' वर महेशचा फोटो, खाली फोटो लावणाऱ्यांचे फोटो. चौकशीला वरून एक अधिकारी आले. भले गृहस्थ होते, साहेबांना बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही निवृत्तीला आलात. तो उत्साहाच्या भरात आपणहून पुढे गेला, असं म्हणा. त्याचा सन्मान राहील, तुमचंही निभावेल." आम्हीही सगळे हेच म्हणत होतो. मेलेला पोर तर परत येत नाही, निदान म्हातारा तरी सुटू दे.

साहेब मला म्हणाले, "गाडी काढ. हिरकणीवाडीला जायचंय."

महेशची आई पुन्हा धंद्यावर बसली होती. बसली नसती तर काय खाल्लं असतं? पावसामुळे गिऱ्हाईक तुरळक. साहेब बाकड्यावर बसले नाहीत, तिच्यासमोर जमिनीवर उकिडवे बसले.

"मी धाडला गो त्याला आत," ते म्हणाले. "तो आपणहून नाय गेला. वर काय नाय, असं मीच बोललो. सकाळी भोंगा झालेला. समद्या गावाला ठावं होतं माल वर चढलाय. मी आठ दिवसांमागचं डोळ्यांपुढं धरलं, आणि मालकाला इचारलंच नाय."

ती भाकरी थापत होती. थापतच राहिली. भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "घरी आला की आमच्या पत्र्याकडं बघायचा. म्हणायचा, आये, वाशाला वाळवी लागलीय, त्याच्याखाली नको निजू. मी म्हणायची, कुठं शिकलास रे हे? तर म्हणायचा, आमचे साहेब रोज इचारतात." मग तिनं मान वर केली. "तुमी रोज इचारता. मग त्याच दिशी का नाय इचारलंत?"

साहेब खाली जमिनीकडे बघत राहिले. मी कितीतरी आगी बघितल्यात, पण ती जागा सोडून पळावं असं मला तिथं वाटलं. तव्यावरची भाकरी करपली, तिनं ती काढून बाजूला टाकली.

"फळ्यावर लिवलंय आगीत उडी घेतली," ती म्हणाली. "माजा पोर येडा नव्हता उडी घ्यायला. सांगितलेलं ऐकणारा पोर होता तो. तुमी धाडलंत म्हणून गेला, हे समद्यांना सांगा. माजं काय बी नाय, एवढं सांगा."

चौकशीत साहेबांनी तसंच सांगितलं, सही केली. त्यांच्यावर ठपका आला. निवृत्तीच्या दिवशी हार नाही, नारळ नाही, फोटो नाही. सकाळी आले, कपाटाची चावी टेबलावर ठेवली आणि एसटी पकडून कुडपणला गेले. आम्ही काही तरी करायला हवं होतं असं सगळ्यांनाच वाटत होतं, पण त्यांनी आधीच ताकीद दिली होती की कोणी आलात तर दार उघडणार नाय.

मला वाटलं, संपलं. पण महिन्याभरात ते परत उतरले. नवीन भरती झालेल्या पोरांचा वर्ग भरायचा होता, तिथं येऊन न बोलावता उभे राहिले. म्हणाले, "मी माजा एक माणूस मारलाय. कसा, ते आयका." पोरं चपापली. साहेबांनी सगळं सांगितलं, भोंग्यापासून घरघंट्यांपर्यंत. कुठंही आवाज चढवला नाही, कुठंही स्वतःला वाचवलं नाही. "आठ दिवसांमागं बघितलेलं आज खरं नसतं," म्हणाले. "मालक समोर रडतोय, त्याला इचारायला एक दम लागतो. तेवढा दम काढा." मग आसपासच्या केंद्रांमध्ये जाऊ लागले, कारखान्यांच्या सुरक्षावाल्यांना सांगू लागले. एसटीनं यायचे, सांगायचे, एसटीनं जायचे. कुणी म्हणालं, धूर होता, कुणालाच कळलं नसतं, तर चिडायचे. "शूर म्हणा नाय तर नशीब म्हणा, दोन्हीत शिकायला काय राहत नाय," असं म्हणायचे. मला वाटतं, त्या आईनं त्यांना शिक्षाही दिली आणि जगायला कामही दिलं.

यंदा हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. मी कुडपणला गेलो. घरात थंडी शिरली होती, डोंगरावरची. त्यांची बायको चहा करायला आत गेली तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"आता तू सांग," म्हणाले.

"सांगतो, साहेब."

"मला झाकायचं नाय. तू झाकशील. तुजा जीव हाय माज्यावर, मला ठावं हाय. नाव घेऊन सांग."

मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला माणूस हो म्हणतोच. पुढच्या पंधरवड्यात ते गेले. हिरकणीवाडीहून महेशची आई आली होती, एकटी, जीप बदलत बदलत. ती त्यांच्या बायकोच्या शेजारी बसून राहिली.

मागच्या महिन्यात नव्या पोरांचा वर्ग मी घेतला. ह्या खेपेला दोन मुलीही आहेत. मी उभा राहिलो आणि सांगायला लागलो. महेशचं सांगितलं, माल चढवायचं सांगितलं, आणि मालकानं छाती बडवली तिथपर्यंत आलो, तर जीभ उचलेना. मी म्हणालो, "मग एका अधिकाऱ्यानं आदेश दिला." पुढे म्हणालो, "धूर फार होता." पोरं टिपून घ्यायला लागली, धूर फार होता. त्यांच्या खाली घातलेल्या माना बघून मला कसंतरीच झालं. मी म्हणालो, "थांबा. ते खोडा." आणि साहेबांचं नाव घेतलं. पूर्ण नाव, गावासकट. मालकाला माळ्याबद्दल विचारायचं ते विसरले, असं सांगितलं.

पुढच्या बाकावरची मुलगी, बिरवाडीची, तिनं हात वर केला. "सर, म्हणजे ते साहेब कामात कच्चे होते का?"

ह्याच प्रश्नाला मी इतके दिवस भीत होतो. राग आला मला, तिचा नाही, कुणाचा ते माहीत नाही. म्हणालो, "नाही ग बाई. आमच्या सगळ्यांत पक्का माणूस होता तो. त्याच्याएवढा पक्का मी होणार नाही आणि तूही होणार नाहीस. आणि त्याची चूक झाली. आता तुझी कशी टळेल, ते सांग मला."

तिनं तो प्रश्न वहीत लिहून घेतला. मी बाहेर बंबाच्या मागं गेलो आणि पोरांना ऐकू जाणार नाही असा रडलो. फार अवघड काम देऊन गेलात, साहेब. तुमच्यावर जीव असलेल्या माणसालाच सांगायला लावलंत, आणि ते दरवर्षी सांगावं लागणार आहे.